कमळीचा इंग्रजीचा पेपर

कमळी मॅट्रिकला नापास झाली ती फक्त इंग्रजीत, सहा गुणांनी. गणितात तिला नव्वद होते. तिच्या वर्गातल्या फ्लॉसीला जेमतेम अडतीस, तेही कमळीने महिनाभर शिकवलं म्हणून. पण फ्लॉसीचे वडील मास्तर, घरात इंग्रजी पेपर यायचा. ती पास झाली, पुढे शिकली, विमा कंपनीत लागली. कमळी बापाबरोबर मिठागरावर गेली आणि मग लग्न होऊन आचोळ्याला आली.

दहा वर्षांनी, १९८४ साली, होळीच्या बाजारात फ्लॉसीला ती वांगी विकताना दिसली.

"नर्सच्या ट्रेनिंगची जाहिरात दरवर्षी येते," फ्लॉसी म्हणाली. "मॅट्रिक पाहिजे, वय तिशीच्या आत."

"नि इंग्रजी कुठून आनू?"

"रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की माझ्या घरी ये. मी शिकवते."

"तू मोठ्या पगाराची बाई. कशाला डोकं खपवतेस?"

"गणितात नापास झाले असते तर मीही इथेच बसले असते, कमळे. मला ते झोंबतं."

घरी कमळीने भीत भीत विषय काढला. सासू धोंडूबाई तांदूळ निवडत होती. "जा तू. पोरं मी बघते," ती म्हणाली. "मला कोनी पाठवलंच नाय."

ऑक्टोबरात कमळीने पेपर दिला. निकालाच्या दिवशी ती शाळेच्या फाटकाबाहेरच थांबली. शेवटी फ्लॉसीच आत गेली आणि धावत बाहेर आली.

"सेहेचाळीस!"

"नीट बघ. दुसऱ्या कुनाचे असतील."

"तुझाच नंबर आहे. तीनदा बघितला."

कमळी फाटकाच्या पायरीवर बसली. हसायला लागली, मग डोळे पुसायला लागली. "म्हंजे मी ढ नव्हते गं," ती म्हणाली. "दहा वर्षं वाटायचं, माझ्यातच काय तरी कमी हाय."

ट्रेनिंग संपवून ती दवाखान्यात लागली. पगार फ्लॉसीच्या निम्म्याहून थोडा जास्त. मधली दहा वर्षं कुणी भरून देणार नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. पण लेकीला शाळेत घालताना मास्तरांनी फॉर्मवर पेन टेकवून विचारलं, "आईचं शिक्षण?" तेव्हा कमळी पदर सावरत चांगली मोठ्याने म्हणाली, "मॅट्रिक. नि नर्सिंग."