खोट्या पडद्यावरची शिफ्ट

आमच्या रोह्याच्या कंपनीत पॅनेलवर आम्ही तिघे. रघू मीटरचे काटे बघून आकडा ओरडायचा, मी तो परत म्हणायचो आणि माझं ऐकल्यावरच पांडू व्हॉल्व्हचं बटण दाबायचा. ॲसिडचा मामला, तिथे एकाच्या डोळ्यांवर भरवसा ठेवत नाहीत. सत्त्याण्णव साली साहेबांना कॉम्प्युटरचं खूळ लागलं आणि पेणची संध्या नावाची पोरगी आमच्या डोक्यावर येऊन बसली. मला ती पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर नको होती.

तिच्या पडद्यावर आमच्या टाक्या रंगवलेल्या होत्या. माऊस दाबला की व्हॉल्व्ह हिरवा व्हायचा, टाकी भरत जायची. सगळं खोटं, प्लांटची एक वायर त्याला जोडलेली नव्हती. "हा नुसता नमुना आहे," ती म्हणाली. "तुम्ही कुठे अडखळता ते बघून मी तो बदलणार. बिनधास्त चुका."

चुकायचंच होतं. वरशाच्या नाक्यावर चहा पिताना आम्ही ठरवूनच आलो होतो, की इतक्या चुका करायच्या, ही बया आपलं खोकं उचलून पेणला पळाली पाहिजे. पांडूने मुद्दाम टाकी ओसंडवली. मी भलताच पंप बंद केला. मागे उभे असलेले साहेब हसले. "सांगितलं नव्हतं? या लोकांच्या डोक्यावरून जाणार हे."

ते रघूला झोंबलं. "सरका रे," म्हणत त्याने माऊस घेतला आणि तिघांचं काम एकट्याने करून दाखवलं. टाकी भरली, पंप थांबवला, अलार्म मिटवला. मी त्याच्या पायावर पाय दिला, तर मेल्याने पाय काढून घेतला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

साहेबांचं हसू थांबलं. "मग बाकीचे दोघे कशाला?"

"साहेब, खऱ्या टाकीचं यात अजून काहीच नाही," संध्या घाईने म्हणाली. "हे तिघे एकमेकांना तपासतात, तेही मी मांडलेलं नाही."

साहेबांनी तिच्याकडे बघितलंही नाही. "रघू, एकट्याला झेपेल? नसेल तर आत्ताच सांग."

पांडू त्याच्या कानाशी वाकला. "नाय म्हण रे. पोरंबाळं हायत आमाला."

रघूने आमच्याकडे बघितलं. मग त्या पोरीकडे, मग साहेबांकडे.

"झेपंल की, साहेब," तो म्हणाला. माऊसवरचा हात त्याने काढला नव्हता.