उघडे डोळे

नगरपरिषदेची सभा प्रार्थनेने सुरू व्हायची. दोन मिनिटं सगळ्यांनी डोळे मिटायचे, फक्त सभेची टिपणं घेणाऱ्या टिपणीबाईंचे उघडे. कोण आलं, कोण उशिरा आलं, हे वहीत तेव्हाच लिहून घ्यायची त्यांची अकरा वर्षांची पद्धत होती. अध्यक्ष म्हणजे त्यांचा सख्खा धाकटा भाऊ. पण सभागृहात त्या त्याला 'अध्यक्षमहोदय'च म्हणत, आणि त्याला त्याची मजा वाटे.

औषधांच्या दुकानवाल्या सदस्यबाईंनी मात्र या प्रार्थनेवर दावा ठोकला. डोळे न मिटणाऱ्याला सभेत बोलायला शेवटी मिळतं, म्हणाल्या. शाळेमागच्या तुंबलेल्या गटाराचा त्यांचा विषय नेहमी तळाला, आणि तिथपर्यंत पोचेतो सभा संपलेली. झालं! गावात दोन तट पडले. दुकानात औषध घेतानाही लोक एकमेकांना आधी तट विचारू लागले. आठ महिने सभेत खटल्याशिवाय दुसरं बोलणं नाही. गटार आपलं तुंबलेलं ते तुंबलेलंच.

निवडणूक महिन्यावर आली, तशी भावाच्या वकिलाला युक्ती सुचली. प्रार्थनेच्या वेळी काय चालतं हे पाहिलेली एकच व्यक्ती, तीही बहीण. साक्षीला याहून चांगलं कोण?

भावाचं अध्यक्षपद टिपणीबाईंच्या जिभेवर येऊन बसलं होतं. भाऊ फोनवर एवढंच म्हणाला, "ताई, जे पाहिलंस ते सांग." त्याला कसली भीतीच नव्हती, बिचाऱ्याला.

"कुणावर जबरदस्ती झाली?" कोर्टात वकिलाने विचारलं.

"नाही."

"म्हणजे सगळे आपल्या मनाने डोळे मिटायचे?"

"दोघं सोडून."

वकील थांबला असता तर बरं होतं. पण त्याने स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला. "एक त्या दुकानवाल्या बाई. दुसरं कोण?"

बाईंनी भावाकडे पाहिलं. "अध्यक्षमहोदय."

कोर्टात कुणीतरी फिस्सकन हसलं. 'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ,' भावजय बाहेर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. बाईंना रडू आलं, पण शब्द मागे घ्यावासा वाटला नाही.

निकाल लागायच्या आत निवडणूक झाली. अध्यक्षपदाला भावासमोर दुकानवालीही उभी होती. श्रद्धाळूंनी भावाला ढोंगी म्हणून पाडलं, उरलेल्यांनी दुकानवालीला गाव कोर्टात ओढलं म्हणून. दोघांच्या भांडणात तिसराच खुर्चीवर बसला.

पंधरा दिवसांनी भाऊ आला. चहा समोर निवत राहिला. मग अकरा वर्षं मनात घोळणारा प्रश्न बाईंनी विचारलाच.

"अरे, बघायचास तरी काय?"

"कोण मिटत नाही ते." तो कसनुसा हसला. "ती बघायची माझ्याकडे, मी तिच्याकडे. तिला शेवटी बोलायला द्यायचो, हे खरंच होतं गं. अकरा वर्षं एकमेकांवर डोळे रोखून बसलो. एकदा तरी तिला विचारायला हवं होतं, बाई, तुमच्या गटाराचं काय?"

बाईंनी त्याचा चहा परत गरम करायला ठेवला.

"पुढच्या सभेला येऊ? मागे बसेन."

"ये की. पण लवकर उठू नकोस," त्या म्हणाल्या. "गटार अजूनही शेवटीच आहे."