तुटक रेघ

हमरापूरच्या त्या कारखान्यात शिरताना निसीमला आधी दिसले ते डोळे नसलेले गणपती. फळ्यांवर ओळीने मांडलेले, रंगून पुरे झालेले, आणि तरीही कोणाकडेच न पाहणारे. त्यांच्यामध्ये अक्षयची बायको रोहिणी बसली होती. डोळ्यांची आखणी तिच्याइतकी नेमकी गावात कोणी करत नसे.

"ये रे बाबा," अक्षयची आई हौसा म्हणाली. "तू सायब माणूस, पन खुर्ची नाय आमच्याकडं. त्या पाटावर तेवढा बसू नको, तो बाप्पाचा हाय."

निसीम गोणपाटावर टेकला. रोहिणीने पाण्याचा पेला पुढे ठेवला. त्याने तो उचलला नाही.

झारखंडातल्या ज्या कोळसा खाणीत निसीम भूवैज्ञानिक होता, तिथे बोअर मारण्याच्या कामावर अक्षयला त्यानेच नेले होते. कोळशाच्या थरात मिथेन वायू कोंडलेला असतो. माणसे पुढे सरकण्याआधी लांब बोअर मारून तो काढून घ्यावा लागतो. ते बोअर कुठे आणि किती खोल मारायचे, हे खडकांचा नकाशा वाचून निसीम ठरवी. मार्गशीर्षात खोदकाम पुढे सरकले तेव्हा वायू एकाएकी फुटून बाहेर आला आणि अक्षय गेला. चौकशीच्या अहवालात लिहिले गेले, की सातवा बोअर त्याने आपल्याच मर्जीने अर्धवट सोडला होता.

ते खरे नव्हते. आणि हे आता एकट्या निसीमलाच ठाऊक होते.

"लोक म्हनतात, कंटाळा केला असंल त्यानं," हौसा म्हणाली. "माझ्या पोरानं? भरतीनं बांध फुटून खांड गेली का छातीभर चिखलात उभा राहायचा तो, पानी आडवीत."

निसीमच्या कानांत अक्षयचा तो फोन पुन्हा उमटला. 'निसीमभाऊ, सातव्या बोअरला ऐंशी मीटरवर कोळशाचा चुरा यायचा बंद झाला. राखाडी, चिकट माती येते. वायू पण अगदी कमी. आमच्या खारात, खाडीकाठच्या शेतात, बांधाची आतली बाजू कोरडी असली ना, तरी भरती बाहेरून टेकून उभी असते.'

निसीम हसला होता. 'खाण म्हणजे तुझं खारातलं शेत नव्हे. मातीचा पट्टा असेल. ड्रिलच्या सळया अडकतील, थांबव.'

नकाशावर नेमक्या त्याच जागी त्याची स्वतःची एक तुटक रेघ होती. थर तिथे तुटून सरकला असावा, असा संशय. खात्री नसली की रेघ तुटक काढतात. ती चिकट माती त्या भेगेतलीच होती, आणि तिनेच बांधासारखा सारा वायू पलीकडे अडवून धरला होता.

त्याचे ज्यू आईवडील आधीच इस्रायलला गेले होते; पुढच्या महिन्यात तोही कायमचा त्यांच्याकडे निघणार होता. काही न बोलताही जाता आले असते.

"वहिनी," तो म्हणाला, "बोअर त्यानं सोडला नाही. मी थांबवायला सांगितलं. त्याला कळलं होतं. मी ऐकलं नाही."

रोहिणीचा कुंचला हवेतच थांबला.

"मंग चौकशीत का नाय बोललास?" हौसाने विचारले.

"मला कोणी विचारलं नाही."

"आज तरी कोनी इचारलं तुला?"

त्याने पिशवीतून नकाशा काढून पसरला. रोहिणी त्यावर वाकली.

"ही रेघ अशी तुटक का?"

"तेव्हा खात्री नव्हती."

"आता हाय?"

"आहे."

तिने बारीक कुंचला काळ्या रंगात बुडवला आणि त्याच्यापुढे धरला. "मंग ओढा."

तो एकेक तुकडा जोडत गेला. दोन ठिकाणी रेघ जाड झाली. रोहिणीने ते पाहिले. खाली त्याने फोनची तारीख लिहिली, अक्षयचे शब्द बांधासकट लिहिले, त्याखाली आपला हुकूम लिहिला आणि सही केली. मग नकाशा तिच्याकडे सरकवला.

"माज्याकडं देऊन काय व्हनार, भावजी?" ती म्हणाली. "चौकशीत जिथं त्यांचं नाव लिवलंय, तिथं नेऊन द्या. जायच्या आधी."

हौसाने न प्यालेला पेला उचलला आणि भिजत घातलेल्या शाडूत ओतला.

रंग ओला होता, त्यामुळे नकाशाची घडी घालता येईना. तो तसाच दोन्ही हातांत उघडा धरून निसीम जिते गावच्या स्टेशनाकडे चालू लागला. वाटेत भेटणारा जो तो त्या काळ्या रेघेकडे पाहत होता.