पत्त्याचा रकाना

मित्रांनो, दवाखान्याच्या कपाटात सगळ्यात खाली, कोपरे झिजलेली जी जाडजूड नोंदवही पडली आहे ना, ती मी.

छापखान्यात माझ्या पानांवर रकाने आखले: नाव, वय, पत्ता, तक्रार. मग मी ऐटीत दवाखान्याच्या खिडकीत येऊन बसले. तिथे नोंदणीच्या बाई असत. त्यांचं अक्षर मोत्यासारखं, हात झरझर चाले. डॉक्टर माझं कौतुक करत, तेव्हा मी फुगून जाई.

दर महिन्याला बाई माझ्यावरून तक्ता उतरवून आरोग्य कार्यालयात पाठवत. त्यात नावं नसत. कुठल्या भागातले, किती वयाचे, कशाने आजारी, एवढंच. कुठलं पाणी तपासायचं, हे त्यावरून ठरे.

पण बाईंना एक खोड होती. रांग वाढली की त्या पहिल्याचाच पत्ता लिहीत आणि खाली नुसत्या रेघा ओढत. म्हणजे 'वरीलप्रमाणे'.

"बाई, आम्ही टाकीमागच्या गल्लीतले," एक आई म्हणाली.

"कळलं हो! मागे रांग बघा केवढी झालीये. तुम्हाला औषध मिळाल्याशी कारण ना?"

त्या महिन्यात जुलाबाने बेजार झालेली अकरा मुलं आली. सगळी टाकीमागची, पण रांगेत पहिलं कुणीतरी बाजाररस्त्याचं असे, म्हणून माझ्यात मात्र तीही बाजाररस्त्याची. कार्यालयाने बाजाररस्त्याचे नळ तपासले. पाणी स्वच्छ निघालं. मला तोंड असतं तर मी ओरडले असते हो!

बारावी आली ती ठमी. बाईंच्या लेकीची चार वर्षांची मुलगी. एरवी आजीच्या मांडीवर बसून माझ्या पुठ्ठ्यावर बोटाने फुलं काढायची. आज तिची मान सावरत नव्हती. बाईंनी रांग थांबवली आणि घर, गल्ली, टाकी, सगळा पत्ता लिहिला. 

बाकीची अकरा सावरली. ठमी तिसऱ्या दिवशी गेली.

त्या एका पत्त्यावरून कार्यालयाची माणसं गल्लीत पोहोचली. फुटक्या नळात गटाराचं पाणी शिरत होतं. दुरुस्तीला एक सकाळ पुरली. फक्त एक सकाळ!

बाई पुन्हा खिडकीत बसल्या नाहीत. एकदाच आल्या, ते पान उघडलं आणि रेघांवरून बोट फिरवत राहिल्या. "मीच गं, मीच," एवढंच म्हणाल्या. 

मित्रांनो, खिडकीत पत्ता पूर्ण सांगा. लिहिणाऱ्याने घाई केली तर हलू नका. तो पत्ता आधीच्या अकरा ओळींत लिहिला असता, तर माझी बारावी ओळ कोरी राहिली असती.