तेजाबाचा थेंब

खालापूरच्या ठेक्याच्या भट्टीवर मोहाच्या दारूची अखेरची धार कुणी घेत नसे. उग्र वासाची ती धार ओढ्यात जाई. सहदेवाने तिच्यातून पिकल्या केळ्याचा सुगंध काढला होता. पाण्याचा अंशही काढून घेतलेला जहाल सिरका तो मुंबईहून आणी. धारेत मिसळला तरी दोन्ही द्रव परक्यांसारखे एकमेकांशेजारी पडून राहत. पण गंधकाच्या तेजाबाचा एक थेंब पडला की काचपात्र तापे आणि खोपीत केळीची बाग उतरे. तेजाब स्वतः मात्र सरत नसे; शेवटी पापडखाराच्या पाण्याने ते धुऊन काढावे लागे, नाहीतर अर्क नासे. ही धुलाई सहदेव घरी, एकटा करी. बाकी सारे त्याने बालमित्र मालोजीला शिकवले होते.

आज मुंबईचे सरबतवाले शेठ आले होते. अर्क पसंत पडला, तर त्यांच्या नव्या कारखान्याचा मुख्य सहदेव होणार होता.

त्याने कुपीतला थेंब टाकला. पात्र गारच. आणखी एक टाकला. नाकाला सिरक्याची झोंब, एवढेच.

"केळं कुठाय रं?" भट्टीवाला धाऊ हसला. "माकडानं नेलं का काय?"

शेठ उठले, तसा मालोजी पुढे झाला. "थांबा शेठ. मी दावतो करून."

नवे पात्र. झोळीतून निघालेली दुसरी कुपी. एक थेंब, आणि तो गोड, जड दरवळ खोपीभर पसरला.

सहदेवाने खिशातली पापडखाराची पुडी सोडली आणि आपल्या कुपीतले चिमूटभर खारावर ओतले. फेस नाही, आवाज नाही. ते पाणी होते. सकाळी कुप्या मालोजीनेच भरल्या होत्या. मग मित्राच्या कुपीतला थेंब टाकला. खार फसफसून उठला.

"शेठ, ह्ये तेजाब माजं हाय. ह्यानं बदललं."

"वास कुणी काढला, ते मी पाहिलं," शेठ म्हणाले. "भांडणं तुमची तुम्ही मिटवा. हं मालोजी, पुरं कर."

मालोजीचा हात थबकला. लहानपणापासूनच्या सवयीने त्याची नजर सहदेवाकडे वळली.

सहदेवाने पापडखाराची पुडी मुठीत घेतली आणि उंबरा ओलांडला. मागून तोच ओळखीचा, लाडिक आवाज आला :

"सहदेवा, आता म्होरं काय घालायचं रं?"

तो थांबला नाही.