देवजीच्या हाती काडी

गोजर शेणव्याला निघाली तेव्हा तिच्या पिशवीत कोंबडा होता. एसटीत कंडक्टरने विचारलं, "मावशी, याचं तिकीट?" तर तिने पिशवीचं तोंड आवळलं आणि खिडकीबाहेर बघत बसली. पापाचं ओझं घेऊन निघालेल्या बाईला कोंबड्याच्या तिकिटाचं काय!

पाप चार वर्षांचं होतं. सिद्धगडाच्या पायथ्याशी तिचं गाव. तिथे पेरणीआधी राब भाजतात, म्हणजे भाताची रोपं जिथे करायची त्या तुकड्यावर शेण, फांद्या, पालापाचोळा पसरून वर माती टाकतात आणि वाऱ्याच्या उलट अंगाने पेटवतात. पेटवलं की जागचं हलायचं नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्या वर्षी गोजरने राब पेटवला आणि लेकीचा फोन यायचा होता म्हणून रेंज मिळते त्या टेकाडावर जाऊन बसली. जावई, नातू, नातवाचा पहिला दात असं करत बोलणं लांबलं. वारा फिरला. ती खाली आली तोवर शेजारच्या महादूची पेंढ्याची गंजी भडकली होती आणि गोठ्याचं छप्परही पेटलं होतं. गुरं तेवढी वाचली.

लोक धावून आले तर वाडीवरचा देवजी आधीच तिथे, ओली डहाळी घेऊन एकटाच आग झोडपत होता. त्याच्या कानावर अर्धी बिडी होती. आग त्यानेच लावली असं ठरवायला गावाला तेवढी बिडी पुरली. कुणीतरी विचारलं, "गोजर, तुजा राब गो?" तिच्या तोंडून निघून गेलं, "माजा कवाच इझला."

तेव्हापासून देवजीला राबावर कुणी बोलावलं नाही. त्याआधी सगळं गाव त्यालाच बोलवायचं, कारण वारा कधी फिरेल ते त्याच्याइतकं कुणाला कळत नसे. आता गावात म्हणच पडली होती. कुणी भलत्याच माणसावर काम सोपवलं की म्हणायचे, "दिली देवजीच्या हाती काडी!" सगळे हसायचे. गोजरही हसायची. पण दर दिवाळीला ती देवजीच्या बायकोला पायलीभर नवे तांदूळ नेऊन द्यायची. तांदूळ जायचे, पाप जागच्या जागी.

शेणव्याला धाकटी बहीण चिमी दिलेली. तिच्या घरी रविवारी ख्रिस्ती प्रार्थना भरायची. मागच्या महिन्यात गोजर सहज म्हणून बसली होती. पास्टर संदेश हा आठवडाभर पाण्याचे पंप दुरुस्त करणारा तरुण. तो म्हणाला होता, "वाट चुकली तर मागं फिरा. येशूवर भरवसा ठेवा. तो काठी घेऊन नाय, वाट बघत उभा हाय." गोजरला वाटलं, याला चिमीनेच सांगितलं असणार. पण चिमीला तरी कुठे ठाऊक होतं! महिनाभर ते बोलणं गोजरच्या मानगुटीवर बसलं. शेवटी तिने ठरवलं, आपला गावदेव मागतो तसा हा देवही काहीतरी मागत असेल. पाप मोठं, तर कोंबडाही चांगला भरलेला हवा.

ऐन प्रार्थनेत पिशवी आरवली. एकदा, मग पुन्हा एकदा. चिमीने तोंडाला पदर लावला. संदेशलाही हसू आलं, पण गोजरचा चेहरा बघून तो थांबला. सगळे पांगल्यावर तो तिच्याजवळ ओट्यावर येऊन बसला.

"मावशी, हा कोणासाठी?"

"तुमच्या देवाला," गोजर म्हणाली, आणि मग राब, फोन, बिडी, तांदूळ सगळं बाहेर पडलं. चिमी दारात उभी राहून ऐकत होती.

संदेश सगळं ऐकून म्हणाला, "कोंबडा घरी न्या. द्यायचं रक्त येशूनं क्रुसावर दिलंय, तुमच्यासाठी पण. तुमी फक्त घ्यायचं."

"फुकट?"

"फुकट."

गोजरला ते पटेना. उभ्या जन्मात तिला कुणी काही फुकट दिलं नव्हतं. "आन देवजीचं काय?"

"त्याच्याकडं जावंच लागल. पण माफी मिळावी म्हणून नका जाऊ. मिळाली म्हणून जा."

गोजरने डोळे मिटले. "बाबा, मी खोटं बोलली. मला पदरात घे," एवढंच तिला जमलं. मग ती रडली, पोटभर. परतीच्या एसटीत कोंबडा पिशवीतून मान काढून ऐटीत बसला होता. त्यालाही माफी मिळाली होती.

राब भाजायच्या दिवशी सकाळीच ती वाडीवर गेली. देवजी अंगणात टोपली विणत होता.

"देवजी, ती आग माज्या राबाची व्हती. मी खोटं बोलली."

देवजीने हातातली कामटी खाली ठेवली. 

"आन हे गावाला कोन सांगल?"

"मी. आत्ताच. तू चल."

महादूच्या शेतावर सात-आठ माणसं डहाळ्या घेऊन उभी होती.  एका दमात गोजरने सगळं सांगितलं, कारण थांबली असती तर पुन्हा सुरू झाली नसती.

महादूचा चेहरा लालबुंद झाला. "माजी गंजी गेली, गोठा गेला, आन तू माज्यासंगं हळहळत बसलीस?"

"बसली," गोजर म्हणाली.

"चार वर्सं मी ह्याला शिव्या घातल्या." महादूने देवजीकडे बघितलं. "त्या आता मागं कशा घेऊ?"

 गोजरला वाटलं होतं, हे बोललं की धरणी फाटेल. धरणी होती तिथेच होती. महादू उद्यापासून तिच्याशी बोलेल की नाही, ठाऊक नव्हतं. पण छातीवरचा धोंडा उतरला होता, हे तिला उभ्या जागी कळलं, आणि चार वर्षांत पहिल्यांदा तिने पोटभर श्वास घेतला.

महादूने खिशातून काडीपेटी काढली, हातात दोनदा फिरवली आणि देवजीपुढे धरली. "भाज. तूच भाज."

देवजीने ती घेतली. चिमूटभर माती उडवून वारा बघितला आणि गोजरकडे वळला. "गोजरबाय, फोन घरी ठेवलाय ना?"

पहिली हसली गोजरच, मग बाकीचे. महादूही ओठातल्या ओठात हसला.

देवजीने काडी काढली, पण ओढली नाही. "थांबा," तो म्हणाला. "वारा फिरल आत्ता."

आणि सगळे थांबले. देवजी म्हणेपर्यंत एकही माणूस जागचा हलला नाही.