बेरीज जुळली होती

आमच्या दादाचं एक बरं आहे. तो कधी चुकत नाही, चुकतात ते बाकीचे. या खेपेला पाळी आईची होती.

आई बस चालवते. मी जन्मायच्या आधीपासून चालवते आणि आजवर तिने साधा कुणाचा आरसासुद्धा घासलेला नाही. नवा चष्मा आला आणि चौथ्या दिवशी डेपोच्या फाटकाला बस लागली. फाटकाला काही झालं नाही, बसला जरासा पोचा आला, साहेबांचा पारा मात्र पार वर गेला. सोमवारी डोळ्यांची तपासणी. नापास झाली तर स्टिअरिंग सुटलं, नोकरी संपेपर्यंत तिकीट खिडकी. त्या संध्याकाळी आई स्वयंपाकघरात एकटी रडत होती. मला दादाचा भयंकर राग आला.

दादाचा का? तर चष्म्याची दुकानं आणि काचा घासणारा कारखाना यांच्यामधलं सगळं नेटवर्क दादाने उभारलंय. दुकानात नंबर टाइप होतो, दादाच्या यंत्रांमधून कारखान्यात पोचतो आणि तिथे त्याबरहुकूम काच घासली जाते.

"आई, चष्म्यात काही दोष नाही," रविवारी जेवताना त्याने निकाल दिला. "वय झालं तुझं. होईल सवय."

"अरे, मला पायरी कळत नाही. फाटकं दोन-दोन दिसतात!"

"चेकसम जुळलाय."

हा शब्द दादा असा उच्चारतो, की ऐकणाऱ्याने हात जोडून उभं राहावं. मी न उठता विचारलं, म्हणजे काय? तो याचीच वाट बघत होता.

"निरोप निघताना त्यातल्या सगळ्या आकड्यांची बेरीज करायची आणि निरोपासोबतच पाठवायची. पलीकडचा पुन्हा बेरीज करतो. जुळली तर ठीक. नाही जुळली तर तो निरोप फेकून देतो, मग इकडून पुन्हा पाठवायचा. वाटेत एक आकडा जरी बिघडला, तरी लगेच सापडतो. आता आईचंच घे. उजव्या डोळ्याचा पावणेदोन, डाव्याचा साडेपाच. बेरीज सव्वासात. कारखान्यातही सव्वासातच भरली. मी स्वतः पाहिलं."

"आणि काचा पाहिल्यास?"

"काचा कशाला पाहायच्या? बेरीज जुळलीय ना!"

एवढं शिक्षण झाल्यावर माणसाला डोळे वापरायची गरजच उरत नाही. आईचं डोकं फिरलं. तिने चष्मा काढून टेबलावर आपटला, पदराने डोळे पुसले आणि रागारागात तो पुन्हा नाकावर चढवला. उलटा. काड्या कानांच्या वर, कपाळाच्या बाजूने तरंगत होत्या. दादाला हसू फुटलं.

आई हसली नाही. ती समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे एकटक बघत होती. मग तिने तळाशी बारीक अक्षरात छापलेला छापखान्याचा पत्ता सावकाश वाचला, त्याखालचा फोन नंबरही वाचला. मी उठून जवळ जाऊन बघितलं. सगळे आकडे बरोबर होते.

"दादा, चष्मा उलटा घातला की उजवी काच कुठे जाते?"

"डावीकडे."

"आणि साडेपाच अधिक पावणेदोन किती रे?"

आमच्या इंजिनिअरने बोटांवर मोजलं. मोजून झाल्यावरही तो बोटांकडेच बघत राहिला.

"सव्वासातच," तो पुटपुटला. "वाटेतल्या यंत्रांपैकी एक खोकं निरोपाचे तुकडे करून पुन्हा जोडतं. जोडताना दोन आकड्यांची अदलाबदल झाली असेल. लाखात एखाद्या वेळी होतं असं. कुठला आकडा कुठे बसलाय, याचं बेरजेला सोयरसुतक नसतं."

मग लगेच त्याचा सूर बदलला. उद्या साहेबांना फोन करतो, तपासणी पुढे ढकलतो, नवा चष्मा स्वतः घेऊन येतो. चूक खोक्याची ठरल्यामुळे त्याला बराच हुरूप आला होता.

आईने उलटा चष्मा काढला आणि नीट घडी घालून ठेवला.

"माझं होईल रे. चष्म्याच्या तक्रारी तुझ्याकडेच येतात ना? अशा आणखी आल्या होत्या?"

दादाने मान हलवली. होत्या.

"मग त्यांना काय कळवलंस?"

"तेच. वय झालंय, सवय होईल."

"त्यातले गाडी कोण कोण चालवतात?" आईने विचारलं.

दादाने घास ताटात ठेवला आणि फोनवर तक्रारींची यादी उघडली.